धुतलेली अंडी

“पाण्यातनं काढल्याशिवाय एकसुद्धा अंडं उंबऱ्याच्या आत येणार न्हाई,” बिराजदार काकू म्हणाल्या आणि मी खरंच धुते की नुसतं पाणी दाखवते हे बघायला पायरीवर बसल्या.

समोर दोन ट्रे, म्हणजे साठ अंडी, एक बादली आणि मी. एप्रिल महिना होता. जतचं ऊन संध्याकाळी सहा वाजले तरी फरशीतून वर येत होतं. मी एकेक अंडं पाण्यात बुडवून चोळत होते आणि मनातल्या मनात काकूंना, सरांना आणि कोंबडीच्या सबंध जातीला शिव्या घालत होते.

आम्ही आठ मुली काकूंच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. पोलीस भरतीची तयारी चालली होती. सकाळ-संध्याकाळ मैदान, दुपारी लेखीचा अभ्यास. काकू एकट्याच, घर लिंगायताचं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग आणि स्वयंपाकघरात कांदासुद्धा सोमवारी चिरला जायचा नाही. अशा घरात अंडी यायची, तेही रोज, याचं श्रेय आमची तयारी घेणाऱ्या तुपे सरांना. सर मिलिटरीतून सुभेदार होऊन आलेले. त्यांनी काकूंशी तासभर बोलून तह केला होता. अंडी घरात येतील, पण शिजणार नाहीत. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन आत घ्यायची हा काकूंचा नेम अंड्यांनाही लागू. आणि प्यायची ती अंगणात, उभ्यानं. टरफलं कागदात बांधून थेट गल्लीच्या टोकाला.

काकूंचं म्हणणं साधं होतं. “कच्चं अंडं म्हंजे बंद डबा. आत काय हाय ते देवाला ठावं. उकडलं की घरभर समजतंय.”

सरांना तर हे पथ्यावरच पडलं. त्यांच्या मते शिजवलेलं अंडं आणि चघळलेला ऊस यांत काही फरक नाही. आगीत लोखंड मऊ पडतं, मग अंड्यातली ताकद कुठली टिकायला, असं ते रोज एकदा तरी ऐकवायचे. सकाळी मैदानावरून आलं की पेलाभर कोमट दूध, त्यात एक अंडं फोडायचं, काट्यानं दोन वेढे द्यायचे, नाक दाबून गटकन आत. याला आम्ही डोस म्हणायचो. खाणं म्हणून तो कुणी धरतच नव्हतं.

हा डोस मला कधी जमला नाही. पहिल्याच दिवशी घशाखाली गेलेलं अंडं तितक्याच वेगानं वर आलं होतं. सरांना सांगायची सोय नव्हती, कारण मागच्या भरतीत मी दोन मार्कांनी राहिले होते आणि ते दोन मार्क म्हणजे मी न प्यायलेली अंडी, असं त्यांचं ठाम मत झालं असतं. म्हणून मी माझा पेला गुपचूप वनिताकडे सरकवायची. तीच माझी गुरू आणि तीच माझी भागीदार.

वनिता सरगर आमच्यात वयानं सगळ्यात मोठी. लग्न झालेलं, चार वर्षांची मुलगी सासूकडे ठेवून आलेली. नवरा टेम्पो चालवायचा, माणूस वाईट नव्हता, पण घरात चलती सासूची. सासूनं सांगून ठेवलं होतं, ही शेवटची भरती, यात नाही झालीस तर निमूट येऊन म्हशी सांभाळायच्या. सासूनं सांगितलं नसतं तरी तेच होणार होतं, कारण जूनमध्ये वनिताचं वय अटीच्या बाहेर जात होतं. पुढची भरती तिच्यासाठी नव्हतीच. त्यामुळे ती दोन अंडी प्यायची, दोन माणसांचा सराव करायची आणि आठवड्यातून एकदा, रविवारी, मुलीशी फोनवर बोलून झाल्यावर अर्धा तास कुणाशी बोलायची नाही. तीन किलोमीटरला ती माझ्यापेक्षा तीस सेकंद पुढे असायची. आमच्यातली कुणी एक होणार असेल तर ती वनिताच, असं सरसुद्धा म्हणायचे.

अंडी आणायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे मुली मला अंडीमंत्री म्हणायच्या. एरवी मी रोजची आठ आणायची आणि धुऊन आत न्यायची. पण त्या आठवड्यात वनिताला आणि मला गुरुवारची तारीख आली होती. बाकीच्या सहा जणींच्या तारखा पुढच्या आठवड्यात. सरांनी आमचा सराव वाढवला होता आणि रोज पेठेत जायला वेळ नव्हता. म्हणून सोमवारी मी एकदम दोन ट्रे उचलले.

रज्जाकभाई अत्तारांनी ट्रेला सुतळी बांधता बांधता विचारलं, “एकदम एवढी? धुणार न्हाईस न्हवं?”

मी म्हटलं, धुवावीच लागतात.

“मग रोजची रोज धू. धुतलं की त्याच दिशी संपवायचं. वरचं अंगचं कातडं पाण्यानं जातंय त्याचं. मग ते टिकत न्हाई, या उन्हात तर न्हाईच.”

मी हो हो म्हणून निघाले. पण काकू पायरीवर बसल्या होत्या. आठ आत आणि बावन्न बाहेर हा प्रकार त्यांना मंजूर नव्हता. रात्री बाहेर ठेवलेल्या अंड्यांवर मांजर आलं की विटाळ दुप्पट. मग मी सगळी साठ धुतली. धुऊन झाल्यावर बघते तर पुठ्ठ्याचे ट्रे अंगणातल्या पाण्यात भिजून लगदा झालेले. ओली अंडी ठेवायची कशात? तीच बादली रिकामी केली, तळाला थोडं पाणी राहिलं ते राहिलं, अंडी तिच्यातच रचली, वर ताट झाकलं आणि खोलीच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या भिंतीला टेकवून ठेवली. दोन-तीन अंड्यांना केसाएवढी चीर दिसत होती. मी बोट फिरवून बघितलं, गळत नव्हती. पुसली आणि आत ठेवली.

कंटाळा आला होता, दुसरं काही कारण नाही. खोटं कशाला बोलू.

मंगळवारी सगळ्यांनी डोस घेतला. बुधवारी सकाळीही घेतला, उपासवाल्या दोघी सोडून. मी माझा पेला सरकवला, वनिता म्हणाली, “आण, उद्या लागणारच हाय ताकद.” तिनं दोन्ही पेले रिकामे केले, मिशा पुसल्यासारखं तोंड पुसलं आणि आम्ही हसलो. अंड्याला वास नव्हता, रंग नेहमीचा. नासकं अंडं तर कुणालाही कळतं. हे नासकं नव्हतं.

दुपारच्या एसटीनं आम्ही सरांबरोबर जिल्ह्याच्या गावी गेलो. सरांच्या ओळखीच्या मंगल कार्यालयात उतरायची सोय होती. संध्याकाळी वनिता म्हणाली की पोटात कसंतरी होतंय. जेवली नाही. एसटी लागली असेल असं मी म्हटलं, तीही तसंच म्हणाली. पहाटे पाचला आम्ही मैदानाच्या गेटबाहेर रांगेत बसलो तोवर तिचं सात-आठ वेळा जाणं झालं होतं, दोनदा उलटी झाली होती आणि अंग तव्यासारखं तापलं होतं. तरी छातीवरचा नंबर तिनं सरळ लावला होता. पिना चारी कोपऱ्यांना.

सर गेटवरच्या हवालदाराशी बोलून आले. त्यांनी नियम नीट समजून घेतला होता आणि तो आम्हालाही नीट समजावला. त्या मैदानावर त्या वर्षी असं होतं की उमेदवार आजारी असेल आणि हजर असलेल्या डॉक्टरांनी तसं लिहून दिलं, तर पुढची तारीख मिळते. पण नंबर पुकारून शिट्टी व्हायच्या आत. एकदा शिट्टी झाली की पळालात तेवढं पळालात, परत संधी नाही. सर म्हणाले, आधी लिंबूसरबत देऊ, नाहीतर मग डॉक्टरला दाखवू. उन्हाचा त्रास आहे, होईल कमी. त्यांना खरंच तसं वाटत होतं. सरांनी लपवाछपवी केली असं मी कधीच म्हणणार नाही. अंडं त्यांच्यासाठी औषध होतं. औषधावर संशय घ्यायचं त्यांच्या डोक्यात आलंच नसतं. ते सरबत आणायला गेले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. साडेसहा झाले होते. बिराजदार काकू होत्या, आणि काकू फोनवर नेहमी ओरडूनच बोलायच्या, पण या वेळी आवाज खाली होता. घरातल्या सहापैकी चार पोरी रात्रीपासून आडव्या पडल्या आहेत, उलट्या-जुलाब थांबत नाहीत, शेजारचा मुलगा रिक्षा आणायला गेलाय. दोघी ठणठणीत आहेत. त्या दोघींचा कालचा उपास होता, त्यांनी सकाळचं दूध-अंडं घेतलेलं नाही. काकू चार बुकं न शिकलेली बाई, पण हा हिशेब त्यांनी पहाटेच जुळवला होता.

“त्या अंड्यातच काहीतरी हाय बघ. वनिताला काय हुतंय का?”

मी म्हटलं, “न्हाई काकू. बरी हाय.”

हे मी का म्हटलं, ते मला त्या क्षणीसुद्धा नीट माहीत होतं. वनिता माझ्यापासून चार हातांवर भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. माझा नंबर सातच्या बॅचमध्ये होता. मी धुतलेली अंडी, मी ठेवलेली बादली, मी न प्यायलेला पेला. हे सगळं आता सांगायला बसले तर आधी सर, मग डॉक्टर, मग कोणी साहेब. तूही खाल्लीस का, चल गाडीत, तपासू दे. आणि सातची बॅच निघून जाणार. दोन मार्कांनी राहिलेली मुलगी हे सगळं एका श्वासात मोजते.

सर सरबत घेऊन आले. ते वनिताच्या पोटात टिकलं नाही. मग सरांनी तिला दंडाला धरून ॲम्ब्युलन्सजवळ नेलं. मी मागून गेले. तिथल्या डॉक्टर वाघचौरे मॅडम तरुण होत्या, झोप न झालेल्या, पण बोलायला स्वच्छ. नाडी बघितली, जीभ बघितली आणि विचारलं, काल काय काय खाल्लं? वनिता म्हणाली, भात-आमटी, भाकरी, दूध. अंडं तिला आठवलंच नाही. सांगितलं ना, डोस आम्ही खाण्यात धरत नव्हतो. सर म्हणाले, मॅडम, ऊन फार आहे आमच्याकडं, काल दुपारच्या एसटीनं आलो.

मॅडम माझ्याकडे वळल्या. “तू हिच्याबरोबर राहतेस? तूही तेच खाल्लंस?”

“हो.”

“तुला काही होतंय?”

“नाही.”

दुसरं उत्तर खरं होतं. मॅडमनी पहिल्यावरही विश्वास ठेवला. त्या म्हणाल्या, खाण्यातून बाधा झाली असती तर दोघींना झाली असती. तशी शंका असती तर आत्ताच लिहून दिलं असतं आणि दवाखान्यात पाठवलं असतं. उन्हाचंच दिसतंय. क्षारांचं पाणी देते, तासभर सावलीत पडू दे, शेवटच्या बॅचला पळेल. सरांनी जाऊन तिचं नाव शेवटच्या बॅचला घालून घेतलं. ती दहाची होती.

दहा. मी हा आकडा घट्ट धरून ठेवला. सातला माझी बॅच, साडेसातपर्यंत मी मोकळी, आठच्या आत मॅडमना सगळं सांगते. वनिताला पुढची तारीख मिळेल, माझंही धावणं होईल. कुणाचंच काही जाणार नाही. आत जाताना सरांकडे फोन दिला तेव्हा मी तो बंद करून दिला.

मी चांगली पळाले. हेही सांगितलं पाहिजे. मैदानाला साडेसात फेऱ्या होत्या आणि पहिल्या दोन फेऱ्यांनंतर माझ्या डोक्यात वनिता नव्हती, अंडी नव्हती, काही नव्हतं; पुढच्या मुलीची लाल रिबीन तेवढी होती. सहाव्या फेरीत मी तिला मागे टाकलं. आयुष्यात एवढं हलकं मी कधी पळाले नव्हते. शेवटची रेघ ओलांडून गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिले आणि मान वर केली, तर सुरुवातीच्या रेघेवर पुढची बॅच उभी होती. त्यात तिसऱ्या रांगेत वनिता.

ऊन वाढायच्या आत उरकायचं म्हणून भरतीच्या साहेबांनी मागच्या सगळ्या बॅचेस पुढे ओढल्या होत्या. गैरहजर मुलींच्या जागी उरलेल्यांना घुसवलं होतं. तिनं मला बघितलं आणि अंगठा वर केला, म्हणजे चांगली आलीस. ओठ पांढरे पडले होते.

मी ॲम्ब्युलन्सकडे निघाले. वाटेत शिपाई आडवा आला, पायातली वेळ मोजायची चिप काढून दिल्याशिवाय बाहेर जायचं नाही. चिपची पट्टी घामानं सुटेना. मी दातांनी ओढली. ॲम्ब्युलन्सजवळ पोचले आणि मॅडमना म्हटलं, तिनं कच्ची अंडी खाल्लीत, दोन दिवस, दोन-दोन. आमच्याकडं चार मुली आजारी आहेत. अंडी मी धुतली होती आणि ओलीच ठेवली होती, सोमवारपासून. हे सगळं मी एका दमात सांगितलं आणि ते संपायच्या आत मागे शिट्टी झाली.

मॅडम धावल्या, मी त्यांच्यामागे. साहेबांपर्यंत पोचून, ओळख सांगून, मुलीला थांबवा म्हणेपर्यंत वनिता तिसऱ्या फेरीत होती. ती पळत नव्हती, पण चालतही नव्हती, दोन्हीच्या मधलं काहीतरी. वळणावर खाली बसली. उठली. पुन्हा वीस पावलं गेली आणि मग आडवीच झाली. मॅडमनी तिला उचलायला लावलं. साहेब वाईट माणूस नव्हते, त्यांनी रजिस्टर उघडून बघितलं आणि म्हणाले, नंबर पुकारला, सही झाली, शिट्टी झाली. आता मी काय करू, तुम्हीच सांगा मॅडम.

ॲम्ब्युलन्सचं दार लावताना मॅडमनी मला विचारलं, “हे तुला आत्ता समजलं का?”

मी दाराबाहेर लोंबणारी चादर आत खोचली. त्यांना तेवढं उत्तर पुरलं. त्या रागावल्या नाहीत, आणि त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला पुढे बरीच वर्षं वाटत राहिलं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, अंडी उकडून खाल्ली असती तर यातलं काही झालं नसतं. धुतल्यामुळं वरचा थर जातो, ओलीच झाकली की बाहेरची घाण कवचातून आत शिरते, आणि या उन्हात आतल्या आत वाढत राहते. वास येत नाही, रंग बदलत नाही. दहा मिनिटं उकळत्या पाण्यात सगळं मेलं असतं.

रज्जाकभाईंनी हेच अडाणी भाषेत सांगितलं होतं. फुकट.

सर ॲम्ब्युलन्सबरोबर गेले. मी गेले नाही. गोळाफेकीला माझा नंबर पुकारत होते. गोळा, मग शंभर मीटर, मग लांब उडी. दुपारी दोनला माझ्या मार्कांवर माझी सही झाली.

पुढचं थोडक्यात सांगते. गावाकडच्या चारही मुली तीन दिवसांत बऱ्या झाल्या. काकूंनी त्या दिवशी बादली गल्लीत नेऊन फोडली. मग मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली आणि एक जुनं पातेलं आणून ठेवलं. “अगं, मला सांगायचं न्हाई का? मी नाक धरून उकडून दिली असती,” असं त्या मला कितीदा तरी म्हणाल्या, रडून म्हणाल्या. आम्ही कधी विचारलंच नव्हतं. सरांनी तह केला तो आम्ही पाळला. सरांनीही पुढच्या बॅचपासून उकडलेली अंडी सुरू केली. पण कुणी विचारलं तर ते अजून म्हणतात, ताकद कच्च्यातच असते, हल्लीची पोटं नाजूक झालीत. मी आता हवालदार आहे. तेरा वर्षं झाली नोकरीला. बंदोबस्ताच्या पाकिटात उकडलेलं अंडं असतं, ते मी शेजारच्याला देते, आणि ‘डाएट का मॅडम?’ असं कुणी विचारलं की हो म्हणते.

त्या दिवशी मी सरकारी दवाखान्यात पोचले तेव्हा चार वाजले होते. वनिता बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या कॉटवर होती. हाताला सलाईन. ताप उतरला होता. सर बाहेर तिच्या नवऱ्याला फोन लावत होते. छातीवरचा नंबर कुणीतरी काढून उशाशी ठेवला होता, पिनांसकट. मी स्टूल ओढून बसले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं.

तीच बोलली. आवाज बसला होता.

“सरांच्या फोनवर काकूंचा फोन आलता आत्ता. म्हनल्या, सकाळीबी केलता उज्ज्वलाला. कवा केलता गं?”

खोटं बोलता आलं असतं. मी फोन घेतला तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते.

“साडेसहाला,” मी म्हटलं.

“आन् तू डॉक्टरला कवा सांगितलंस?”

“पळून आल्यावर.”

पलीकडच्या कॉटवरच्या म्हातारीला कुणीतरी मोसंबी सोलून देत होतं. मला वाटलं ती आता ओरडेल, तोंड फिरवेल, चालती हो म्हणेल. मी त्याचीच वाट बघत होते. तसं काही झालं असतं तर मला रडता आलं असतं.

“किती पडलं?” तिनं विचारलं.

“त्र्याऐंशी.”

“शंभरात?”

“हं.”

“मग झालीस तू,” ती म्हणाली. “जा, खाली जाऊन कायतर खाऊन ये. सकाळधरनं उपाशी हाईस.”

मी उठले आणि खाली गेले. दवाखान्याच्या फाटकाबाहेर हातगाडीवर पोहे मिळत होते. मला लाज वाटत होती, हे खरं आहे. पण मला भूकही लागली होती. मी दोन प्लेट पोहे खाल्ले.